परत काढता येणारा आयव्हीसी फिल्टर: धरायचाही आणि सोडायचाही, कसं जमवायचं?

चौथं_वर्ष

नमस्कार मंडळी,

बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने प्रोजेक्टला आयव्हीसी फिल्टर घेतलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पायातल्या खोल शिरेत झालेली गुठळी सुटली की पोटातल्या मोठ्या शिरेतून, म्हणजे इन्फिरिअर व्हेना काव्हातून (आयव्हीसी), वर हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाऊन अडकते. ती वाटेतच अडवायला या मोठ्या शिरेत तारांची एक जाळी बसवतात. धोका टळला की ती काढून घेता यावी, असं आम्हाला करायचं आहे.

आमचं डिझाइन असं (चित्र जोडलंय): ०.३ मिमीची नायटिनॉलची तार (निकेल-टायटॅनियमचा मिश्रधातू, वाकवला तरी मूळ आकारात परततो), सहा पाय, वरच्या टोकाला एकत्र क्रिम्प केलेले, म्हणजे छोट्या नळीत दाबून बसवलेले, शंकूचा आकार. पायांच्या टोकांना बाहेर वळलेले बारीक काटे, माथ्यावर हुक. सिम्युलेशनमध्ये कितीही दाब दिला तरी जागचा हलत नाही, म्हणून आम्ही खुशीत होतो. गाइड सरांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "छान धरलंय. आता सोडून दाखवा."

तर, काटे सरकू नयेत इतके घट्ट आणि तरी काढताना शीर फाटू नये, हे दोन्ही कसं साधायचं? हुक माथ्यावर पुरे की खालीही द्यावा? गटातल्या एकाचं म्हणणं आहे की काढायच्या भानगडीत पडूच नये, विरघळणारं पॉलिमर घ्यावं. प्राण्यांवरच्या चाचण्या आमच्या आवाक्याबाहेर आहेत, तेव्हा टेबलावर काय काय तपासता येईल तेही सांगा.

---

तारेवरची_कसरत

"सोडून दाखवा" म्हणणारे गाइड मिळाले हे नशीब समजा. मी अशाच जाळ्या तपासायचं काम करतो. समोर येणाऱ्या ड्रॉइंगमध्ये बसवण्याच्या दिवसाचा विचार बारकाईने केलेला असतो आणि काढण्याचा दिवस माथ्यावर एक हुक चिकटवून उरकलेला असतो. तुमचंही तसंच झालंय.

पहिली गोष्ट. फिल्टर ओढून काढत नाहीत. मानेतल्या शिरेतून एक लांब नळी, म्हणजे शीथ, फिल्टरच्या वरपर्यंत नेतात. तिच्यातून स्नेअर, म्हणजे तारेचा फास, सोडतात आणि हुक पकडतात. मग फास ताणून स्थिर धरायचा आणि शीथ पुढे सरकवायची. फिल्टर जागेवरच राहतो, शीथ त्याला वरून गिळत जाते. शंकूचे पाय शीथच्या तोंडात शिरतात तसे मध्याकडे मिटतात आणि काटे भिंतीतून आतल्या बाजूला सुटतात.

आता बळाच्या दिशा बघा. रक्त आणि गुठळी फिल्टरला हृदयाकडे, वर ढकलतात. काढताना मात्र काटा आत, शिरेच्या मध्याकडे जातो. धरायची दिशा एक आणि सोडायची दुसरी, एवढ्या एका फरकावर हा सगळा खेळ उभा आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. काट्याचा कोन असा ठेवा की वरच्या दिशेच्या बळाला तो आडवा येईल, पण पाय मिटताना त्याचं टोक ज्या वाटेने आत रुतलं त्याच वाटेने बाहेर पडेल. सिम्युलेशन बाजूला ठेवा, आधी कागदावर एकच पाय काढा. तो पाच-पाच अंशांनी मिटवत जा आणि दर वेळी काट्याचं टोक कुठे येतं तिथे ठिपका द्या. ठिपके जोडल्यावर रेघ भिंतीला खरवडत जात असेल तर तो काटा शीर फाडणार. दाब देऊन बघण्यात हे कधीच दिसत नाही, कारण तिथे पाय मिटतच नाहीत.

काट्याची लांबीही बघा. या शिरेची भिंत जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाड असते आणि पलीकडे मोकळी जागा नाही. डाव्या अंगाला महाधमनी, पुढे लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, मागे मणके. काट्याच्या मुळाशी आडवा थांबा द्या, नाहीतर पायाचा स्प्रिंगसारखा दाब रोज थोडाथोडा काटा आत रेटत राहतो. पाय "घट्ट बसावा" म्हणून बाहेरचा दाब वाढवत नेला की भिंत भोकसण्याची शक्यता वाढते. धरून ठेवायचं काम काट्याचं आहे. पायाने फक्त भिंतीला टेकून राहायचं.

दुसरी गोष्ट तिरकेपणाची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवायला हवा.

शंकू का निवडतात? मोबिन-उद्दीन यांच्या १९६०च्या दशकातल्या फिल्टरला छत्रीच म्हणत, भोकं पाडलेली छोटी छत्री होती ती. गुठळी अडायची खरी, पण बऱ्याच जणांची शीरच बंद व्हायची. १९७३मध्ये लाझर ग्रीनफिल्ड या सर्जननी गार्मन किमेल या तेल उद्योगातल्या इंजिनियरबरोबर शंकू आणला. गणित शाळेतलं आहे. गुठळी शंकूच्या माथ्याशी गोळा होते. उंचीचा ७० टक्के भाग भरला तर तिथला व्यास शिरेच्या व्यासाच्या ७० टक्के, आणि क्षेत्रफळ ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ४९ टक्के. जाळी एवढी भरली तरी कडेने निम्म्याहून जास्त वाट मोकळी. त्या कडेच्या वाहत्या रक्ताने गुठळी हळूहळू विरतेही.

हे सगळं माथा मध्यभागी असेल तरच. तुमचे सहाही पाय भिंतीला एकाच पातळीवर टेकतात. त्या कड्यावर शंकू कुठेही कलू शकतो. कलला की कडेची वाट एका बाजूला बुजते, आणि त्याच वेळी माथ्यावरचा हुक भिंतीला जाऊन लागतो. तिथे तो काही आठवड्यांत पेशींच्या थराखाली जातो. मग फास टाकायचा कशावर? म्हणजे गाळणं आणि निघणं, दोन्ही एका तिरकेपणात बिघडतात. यावर सरळ उपाय म्हणजे भिंतीला दोन पातळ्यांवर टेका देणे: खाली काट्यांचे पाय आणि वर, माथ्याजवळून निघणारे आखूड, बिनकाट्याचे हात. दोन कड्यांवर टेकलेली वस्तू सहज कलत नाही.

पेशींचा थर सगळ्याच धातूवर चढतो, दोन-तीन आठवड्यांत. त्याला अडवता येत नाही, पण काय आकार झाकला जाणार हे तुमच्या हातात आहे. सरळ, गुळगुळीत काडी लांबीच्या दिशेने सरकून निघते, थर मागे राहतो. एकमेकींना जोडलेल्या, चौकटी करणाऱ्या काड्या भिंतीलगत ठेवल्या तर पेशी चौकटीच्या आरपार वाढतात. मग काढताना तुम्ही काडी नाही, भिंतच ओढत असता. भिंतीला समांतर लांबलचक टेकणाऱ्या जाळ्या कलत नाहीत हा त्यांचा मोठा गुण, पण त्यांना काढायची मुदत आखूड पडते ती यामुळे.

तारेबद्दल. नायटिनॉलची तार वाकवली की पृष्ठभागावरचा स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या तुलनेत ती किती ताणली गेली ते, साधारण व्यास भागिले वाकाच्या त्रिज्येची दुप्पट. ०.३ मिमीची तार ५ मिमी त्रिज्येत वाकली तर ३ टक्के. शीथमध्ये एकदा मिटवायला ६ ते ८ टक्क्यांपर्यंत ती परत सरळ होते, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण लाखो वेळा हलणाऱ्या जागी स्ट्रेनचा चढउतार ०.४ टक्क्याच्या आसपास ठेवावा लागतो. आणि ही शीर श्वासागणिक हलते. मिनिटाला १५ श्वास धरले तर वर्षाला ७८ लाखांच्या वर. क्रिम्पच्या तोंडाशी, जिथे पाय बाहेर वळतो, तिथे तुमची तार तुटेल. क्रिम्पच्या कडेला गोलाई द्या, तार इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या प्रक्रियेने गुळगुळीत) करून घ्या. जमलं तर पुढच्या आवृत्तीत अख्खा फिल्टर एकाच नळीतून लेझरने कापा, जोडच राहणार नाही.

---

शिरस्ता

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे क्ष-किरणांत बघत शिरांमधून नळ्या-तारा घालून उपचार करणारा डॉक्टर. फिल्टर बसवतो, आणि दुसऱ्यांनी बसवलेले काढतोही.

कसरतींशी बहुतांशी सहमत, एका मुद्द्यावर नाही. वरचे हात देऊन फिल्टर सरळ राहतो हे खरं. पण ते हात बारीक असतात आणि तुटतात तेच. तुटलेला तुकडा वर हृदयात नाहीतर फुप्फुसात जातो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने २०१०मध्ये पहिली सूचना काढली तेव्हा त्यांच्याकडे २००५पासूनच्या ९२१ तक्रारी होत्या. त्यांत फिल्टर सरकल्याच्या ३२८, सुटे भाग निघून वाहत गेल्याच्या १४६, शीर भोकसल्याच्या ७०, मोडल्याच्या ५६. म्हणजे धातूची प्रत्येक जादा काडी ही मोडू शकणारी जादा काडी आहे. चौथं वर्ष, हात द्यायचे तर द्या, पण ते मोडणार नाहीत हे आधी दाखवा.

आता काढणाऱ्याच्या बाजूने. टेबलावर रुग्ण आला की पहिल्यांदा डाय सोडून शिरेचं चित्र बघतो. जाळीत मोठी गुठळी अडकलेली असेल तर त्या दिवशी काढत नाही. नसेल तर हुक कुठे आहे ते दोन कोनांतून बघायचं. समोरून अगदी मध्यभागी दिसणारा हुक बाजूने बघितला की मागच्या भिंतीला चिकटलेला निघतो. तुमच्या चित्रात हुक आखूड आणि बसका आहे. असा हुक क्ष-किरणात नीट दिसत नाही, आणि फास त्याच्यावर चढून घसरतो. नायटिनॉल तसंही फिकं दिसतं. हुकाची मान थोडी लांब आणि बारीक करा, माथा कलला तरी फास मानेत बसेल असं तोंड ठेवा.

हुक गाडला गेलाच तर आमच्याकडे इतर मार्ग आहेत. पायांच्या मधून तार फिरवून तिचं दुसरं टोक बाहेर आणायचं आणि त्या वेढ्याने माथा भिंतीपासून सोडवायचा. किंवा श्वासनलिकेसाठी बनवलेला चिमटा वापरून माथ्यावरचा थर सोलायचा. पायांवरचा जुना थर सोडवायला लेझर शीथ आहे, एफडीएने २०२१मध्ये तिला याच कामासाठी मान्यता दिली. पण यातल्या प्रत्येक पायरीला धोका वाढतो. चांगल्या डिझाइनमुळे आम्हाला साध्या फासावर काम भागवता यावं.

आणि एक आकडेवारी, जी इंजिनियरिंगच्या वर्गात कोणी दाखवत नाही. प्रेपिक-२ या २०१५च्या चाचणीत १६४ जणांचा फिल्टर काढायचा प्रयत्न केला, १५३ जणांचा निघाला. त्याच्या दोन वर्षं आधी अमेरिकेतल्या एका केंद्राने आपली नोंद प्रसिद्ध केली: ६७९ काढता येण्याजोगे फिल्टर बसवले, त्यातले ५८ काढले गेले. साडेआठ टक्के. काढायला घेतलेले बहुतेक निघतात, पण काढायला फार थोडे घेतले जातात. रुग्ण दुसऱ्या गावी जातो, सर्जनला वाटतं रेडिओलॉजिस्ट बोलावेल, रेडिओलॉजिस्टला वाटतं सर्जन पाठवेल. म्हणून तुमचा फिल्टर "काही आठवड्यांपुरता" म्हणून तपासू नका. तो जन्मभर आत राहील असं धरूनच तपासा.

अवांतर: प्रेपिक-२मध्ये सगळ्यांना रक्त पातळ करणारी औषधं चालू होती. त्यांत वर फिल्टरही बसवून काही फायदा दिसला नाही. तीन महिन्यांत फुप्फुसात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण फिल्टरवाल्यांत ३ टक्के, नसलेल्यांत दीड टक्का. तेव्हा प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत "गुठळीच्या प्रत्येक रुग्णासाठी" असं लिहू नका. ज्यांना ती औषधं देताच येत नाहीत, मेंदूत रक्तस्राव झालाय, मोठं ऑपरेशन तोंडावर आहे, अशांसाठी ही वस्तू आहे.

---

सांजवात

विषयात नुसतीच डोकावतेय, माफ करा. माझ्या बाबांना अपघातानंतर असा फिल्टर बसवला होता, त्याला सात-आठ महिने झाले. "नंतर काढता येतो" एवढं तेव्हा ऐकलेलं आठवतं, पुढे कोणी बोलावलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आता चालते-फिरते आहेत. वरचं वाचून पोटात गोळा आला. आता निघतो का तो?

---

शिरस्ता

सांजवात ताई, घाबरू नका. आठ महिन्यांनी निघतात, काही वर्षांनीही निघतात. एफडीएच्या विश्लेषणात गुठळीचा धोका टळला असेल तर २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान काढणं फायद्याचं ठरलं होतं, पण ती वेळ गेली म्हणजे दार बंद झालं असं नाही.

डिस्चार्जच्या कागदांत फिल्टरचं नाव आणि मॉडेल असलेलं कार्ड किंवा स्टिकर शोधा. ते घेऊन इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी असलेल्या ठिकाणी जा. ते बहुधा सीटी स्कॅन सांगतील: फिल्टर कललाय का, पाय बाहेर गेलेत का, आत गुठळी आहे का. बाबा रक्त पातळ करणारी औषधं घेऊ शकतात का, हेही तिथेच ठरेल. काढायचा की ठेवायचा हे त्यांना तपासून तेच सांगतील, इथे मी सांगणं योग्य नाही. पण विचारायला जा, आणि याच महिन्यात जा.

---

सांजवात

कार्ड सापडलं, फायलीच्या मागच्या कप्प्यात होतं. सोमवारी जातो. खूप आभार.

---

चौथं_वर्ष

सगळ्यांचे आभार. कसरत सर, पायाचे ठिपके काढून बघितले. काट्याची रेघ शेवटच्या टप्प्यात भिंतीला लागतेय, कोन बदलतोय. दोन शंका राहिल्या: खालचा हुक, आणि विरघळणारं पॉलिमर. गटात यावरून अजून भांडण चालू आहे.

---

तारेवरची_कसरत

शिरस्ता यांचा हातांबद्दलचा आक्षेप मान्य नाही असं नाही. पण हात मोडतात ते बहुधा मुळाशी, आणि मुळाची गोलाई आपल्या हातात असते. फिल्टर कलला तर मात्र नंतर काहीच हातात राहत नाही. म्हणून मी हात ठेवीन आणि त्यांना जाड मूळ देईन. त्यांनी हुकाच्या मानेचं जे सांगितलं ते मात्र जसंच्या तसं घ्या, ते रोज फास टाकतात.

खालचा हुक नको. खालून, मांडीच्या शिरेतून काढायचं म्हटलं तर शीथ पायांच्या बाजूने येणार आणि पाय बाहेर उघडे. शंकू त्या बाजूने मिटत नाही. खालून काढायचे फिल्टर असतात, पण त्यांचा आकार दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो वेगळा प्रोजेक्ट आहे. खाली जादा चढवलेल्या हुकाने तुम्हाला फक्त गुठळी अडकायला आणखी एक जागा मिळेल.

विरघळण्याबद्दल तुमच्या मित्राचं अगदीच चूक नाही. पण त्याला विचारा: जाळीत गुठळी धरलेली असताना काड्या मऊ पडल्या तर? तुकडे आणि गुठळी दोन्ही फुप्फुसाकडे. अख्खा फिल्टर विरघळवण्यापेक्षा फक्त "गाळणं" विरघळवणं जास्त शहाणपणाचं. २०१७मध्ये एफडीएने मान्य केलेल्या सेंट्री फिल्टरमध्ये तेच आहे. नायटिनॉलची चौकट भिंतीला कायमची राहते, मधले हात एका विरघळणाऱ्या धाग्याने एकत्र बांधलेले असतात. धागा किमान ६० दिवस टिकतो, नंतर सुटतो आणि हात उघडून भिंतीला जाऊन टेकतात. दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागत नाही. शिरस्ता यांनी दिलेल्या साडेआठ टक्क्यांवर हे इंजिनियरांनी काढलेलं उत्तर आहे. किंमत अशी की चौकट जन्मभर आत, आणि साठ दिवसांनंतरही धोका असलेल्या रुग्णाचं काय हा प्रश्न उरतोच. प्रोजेक्टला एका वर्षात यातलं एकच झेपेल. मी हुकवालाच करा म्हणेन.

टेबलावरच्या चाचण्या. पारदर्शक सिलिकॉनच्या नळ्या घ्या, २० मिमी आणि २८ मिमीच्या. गोलच नकोत, एक नळी दोन फळ्यांत हलकी दाबून लंबगोल करा, कारण ही शीर खरी लंबगोल असते आणि श्वासाबरोबर चपटते. गोल नळीत सरळ उभा राहिलेला फिल्टर चपट्या नळीत कलतो की नाही हे बघणं तुमच्या अहवालातलं सगळ्यात कामाचं पान होईल. पाण्यात ग्लिसरीन मिसळून रक्ताइतकं दाट करा आणि ३७ अंशांवर ठेवा. थंड पाण्यात नायटिनॉल मऊ वागतं आणि तुमचे आकडे खोटे येतात.

सरकण्यासाठी: जाळी जेलच्या गोळ्याने पूर्ण बंद करा आणि खालून दाब वाढवत जा. शिरेतला रोजचा दाब अगदी थोडा असतो, पण खोकताना, कुंथताना वाढतो. चाचण्यांत बऱ्याचदा ५० मिमी पाऱ्यापर्यंत जातात, तेवढं तरी टिकवा.

काढण्यासाठी: नुसता बसवून लगेच काढलात तर तो कुठलाही फिल्टर निघतो, त्यातून काही कळत नाही. पाय भिंतीला टेकलेत तिथे पातळ सिलिकॉनचा थर ब्रशने चढवा आणि वाळू द्या. हा तुमचा पेशींचा थर. आता फासाच्या मागे बळमापक लावून शीथ पुढे सरकवा आणि बळ-अंतराचा आलेख काढा. गुळगुळीत काडी सुटताना आलेख एकदा चढतो आणि उतरतो. दातेरी आलेख आला तर काटा खरवडतोय, नळीच्या आतून बोट फिरवून बघा, ओरखडा लागेल. हीच चाचणी हुक मुद्दाम भिंतीला टेकवून, फिल्टर पंधरा अंश कलवूनही करा.

फटीगसाठी, म्हणजे पुन्हा पुन्हा हलून तार थकून तुटते का हे बघायला, कॉलेजमध्ये मशीन नसेल तर निदान मोटरला कॅम लावून नळी मागेपुढे दाबत ठेवा आणि रोज भिंगातून क्रिम्पची कड बघा. आयएसओ २५५३९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग व्हेना काव्हा फिल्टरांसाठीच आहे, लायब्ररीत मिळाला तर चाचण्यांची यादी त्यात तयार आहे. सगळ्या जमणार नाहीत. सरकणं, कलणं आणि थरासकट निघणं एवढ्या तीन नीट करा, आणि २८ मिमीच्या नळीपासून सुरुवात करा. २० मिमीत सगळंच छान बसतं.